११२ म्हणजे नक्की कोणती जमीन? एकाच आकड्याचे वेगवेगळे नंबर ओळखायचे कसे

मामाच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं १९६२ सालचं खरेदीखत होतं. घड्यांवर कागद विरलेला, पण शाई अजून काळीभोर. त्यात स्वच्छ लिहिलेलं, ‘सर्व्हे नंबर ११२, क्षेत्र २ एकर १० गुंठे’. मामेभावाने मोबाईलवर महाभूलेख, म्हणजे सातबारा बघायचं सरकारी संकेतस्थळ, उघडलं, जिल्हा, तालुका, गाव निवडलं, चौकटीत ११२ टाकलं आणि उताऱ्यावर भलत्याच आडनावाचं कुटुंब आलं. मामी मटकन खाली बसली. साठ वर्षं कसलेलं रान कागदावर दुसऱ्याचं कसं झालं, या विचाराने दोन रात्री घरात कुणाचा डोळा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. भूमी अभिलेखच्या ऑफिसात एका कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘अहो, तुमचा सर्व्हे ११२ आता गट ३४७ आहे. तुम्ही बघितला तो गट ११२. तो ओढ्याच्या पलीकडे, त्याचा जुना सर्व्हे ३८.’ गट ३४७ चा उतारा काढला, त्यावर मामाचं नाव होतं. काहीही गेलेलं नव्हतं.

असे घाबरलेले लोक मी त्यानंतर बरेच बघितले, कारण पुढे मी सर्चच्या, म्हणजे जमिनीचे जुने दस्त आणि नोंदी तपासायच्या, कामातच पडलो. कुणी चुकीचा उतारा जोडून कर्जाचा अर्ज केलेला असतो, कुणी दुसऱ्याच जमिनीचे फेरफार, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलल्याच्या नोंदी, काढून पैसे घालवलेले असतात. एकाने तर विसार देऊन झाल्यावर मला विचारलं. मूळ कारण एकच. आपण आकडा धरून बसतो आणि तो कोणत्या वहीतला आहे हे विचारत नाही. महसूल खात्याची, भूमी अभिलेखची, ग्रामपंचायतीची, सब-रजिस्ट्रारची, प्रत्येकाची वही वेगळी आणि प्रत्येक वही एकपासून सुरू होते. त्यामुळे एका गावात ११२ नावाच्या सात-आठ गोष्टी सहज असतात, आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसतो. जुना सर्व्हे ११२, गट ११२, गावठाणातला नगर भूमापन क्रमांक ११२, ग्रामपंचायतीची मिळकत ११२, आठ-अ या खातेउताऱ्यावरचं खाते ११२, फेरफार ११२, आणि कुठल्या तरी वर्षीचा दस्त ११२.

हा गुंता सोडवायची माझी पद्धत इथे लिहितो. घरचे कागद समोर घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

आधी आकड्याच्या मागची अक्षरं वाचा

एक कोरा कागद घ्या. हाताशी असलेल्या प्रत्येक दस्तातला, उताऱ्यातला, पावतीवरचा नंबर त्यावर उतरवा, पण आकडा एकटा लिहू नका. त्याच्या आधी जी अक्षरं आहेत ती जशीच्या तशी लिहा आणि पुढे कागदाचं साल लिहा. ‘स.नं. ११२, १९६२’. ‘गट नं. ११२, २०१९’. या एका कामाने निम्मा गोंधळ संपतो.

‘स.नं.’ किंवा ‘भू.क्र.’ म्हणजे सर्व्हे नंबर, सरकारी भाषेत भूमापन क्रमांक. मुंबई इलाख्यातली ही मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली आणि गावोगाव पोचली. ‘हि.नं.’ म्हणजे त्याचा हिस्सा. ‘पै.’ म्हणजे पैकी, नंबरातला एक तुकडा. ‘गट नं.’ जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा, ते काय ते पुढे सांगतो. विदर्भातल्या कागदांवर ‘ख.क्र.’ म्हणजे खसरा क्रमांक दिसतो आणि त्याच्या शेजारी ‘प.ह.नं.’ असतो. हा प.ह.नं. जमिनीचा नंबरच नव्हे, तो पटवारी हलक्याचा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीचा नंबर. ‘मौजा अमुक, प.ह.नं. ३८, ख.क्र. ११२’ असं वाचून लोक ३८ टाकून उतारा शोधत बसलेले मी पाहिलेत.

‘न.भू.क्र.’, ‘सि.स.नं.’ किंवा ‘सी.टी.एस.’ हे सगळं एकच, नगर भूमापन क्रमांक. त्याचा सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, जिला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ‘मि.क्र.’ किंवा घर नंबर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा, कर आकारणीसाठी दिलेला. नुसतं ‘प्लॉट नं.’ असेल तर तो कुणाच्या तरी लेआउटमधला, म्हणून तो लेआउट कोणत्या गटावर पडलाय हे त्याच वाक्यात शोधा. गट ११२ मधला प्लॉट १२ वेगळा आणि गट ११५ मधला प्लॉट १२ वेगळा.

तिरकी रेघ आहे का, ते भिंगाने बघा

हा मुद्दा बारीक वाटेल, पण मी सगळ्यात जास्त चुका इथे पाहिल्या आहेत. हाताने लिहिलेल्या जुन्या कागदात १/१२ ची रेघ फिकी झाली की ती दिसतच नाही, आणि वाचणारा ११२ वाचतो. सर्व्हे १ चा हिस्सा १२, सर्व्हे ११ चा हिस्सा २ आणि सर्व्हे ११२ या तीन वेगळ्या जमिनी आहेत. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की तर रेघ हमखास जाते. म्हणून शंका आली की मूळ कागद उन्हात तिरका धरून बघा, पेनाचा दाब कागदावर उमटलेला असतो.

देवनागरी आणि इंग्रजी अंकांचीही गल्लत होते. घाईत लिहिलेला देवनागरी चार इंग्रजी आठसारखा दिसतो. देवनागरी एक आणि नऊ यांची गाठ नीट मारली नाही तर ते एकमेकांसारखे दिसतात. जुन्या दस्तात नंबर बहुतेक वेळा अक्षरीही लिहिलेला असतो, ‘एकशे बारा’. अक्षरी असेल तर त्यावर जास्त भरवसा ठेवा.

‘सातबारा’ या शब्दाचंही इथेच सांगून टाकतो. सात आणि बारा हे तुमच्या जमिनीचे नंबर नाहीत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा ही पिकांची नोंद, आणि दोन्ही एका पानावर येतात म्हणून सातबारा. पण सर्व्हे ७, हिस्सा १२ अशी जमीन एखाद्या गावात असू शकते आणि मग तिचाही सातबारा निघतो. कुणी ‘७/१२ आणा’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं तर त्याला काय हवंय हे विचारून घ्या.

गाव पक्कं करा

गट नंबर फक्त त्या गावापुरता असतो. गाव चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही जमीन दुसरीच निघते. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव, खेड या नावांची गावं किती आहेत हे सांगायला नको. त्यात बुद्रुक आणि खुर्द. वडगाव बुद्रुक गट ११२ आणि वडगाव खुर्द गट ११२ यांच्या मध्ये कधी कधी नुसती एक वाट असते.

जुन्या कागदावर जिल्हा-तालुक्याची नावंही जुनी असतात. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून निघाला, म्हणजे त्याआधीच्या खरेदीखतात ‘जिल्हा ठाणे’ असणार. नंदुरबार धुळ्यातून निघाला तो १९९८ साली. गावाचंच विभाजन होऊन नवं महसुली गाव झालं असेल तर नव्या गावाचे फेरफार पुन्हा एकपासून सुरू झालेले असू शकतात. त्यामुळे ‘फेरफार ११२’ मागताना जुन्या गावाचा की नव्या गावाचा हे सांगावं लागतं. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हापासून गावाच्या नावाबरोबर गावाचा कोड नंबर छापून येतो. तो आपल्या कागदावर उतरवून ठेवा, नावाचा घोळ झाला तरी कोड चुकत नाही.

एकत्रीकरणाच्या आधीचा की नंतरचा?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या मामाचा गोंधळ इथलाच होता.

१९४७ साली मुंबई इलाख्यात जमिनीचे तुकडे पाडायला बंदी करणारा आणि तुकडे एकत्र करणारा कायदा झाला. एकाच माणसाचे गावात चार दिशांना चार तुकडे असतील तर अदलाबदल करून ते एका जागी आणायचे, अशी योजना. ती एकाच दिवशी सगळीकडे आली नाही. गावागावात वेगवेगळ्या साली राबवली गेली, आणि जिथे राबवली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले. नवे नंबर पुन्हा गावाच्या एका टोकापासून, एकपासून. म्हणून एकाच गावात सर्व्हे ११२ वेगळीकडे आणि गट ११२ वेगळीकडे. कोकणात पुष्कळ गावांत आजही सर्व्हे आणि हिस्सा नंबरच चालतात, तिथे हा प्रश्न नाही.

अडचण अशी की महाभूलेखवर शोधायची चौकट एकच आहे. तिच्यावर ‘सर्व्हे नंबर / गट नंबर’ असं लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्हीपैकी काहीही टाकलं तर चालेल. तसं नाही. त्या गावात आज जो नंबर चालू आहे तोच तिथे चालतो. एकत्रीकरण झालेल्या गावात तुम्ही जुना सर्व्हे टाकलात तर संगणक चूक दाखवत नाही, त्याच आकड्याचा गट तुमच्यासमोर ठेवतो. म्हणून उतारा उघडल्याबरोबर वरची ओळ वाचा. ‘गट क्रमांक व उपविभाग’ लिहिलंय की ‘भूमापन क्रमांक व उपविभाग’, यावरून गावात कोणती मालिका चालू आहे ते कळतं.

मग जुन्यावरून नव्याकडे जायचं कसं? यासाठी जो कागद लागतो त्याला ऑफिसात ‘नऊ-तीन नऊ-चार’ म्हणतात. एकत्रीकरण योजनेचं हे पत्रक. कोणाकडे आधी कोणता सर्व्हे नंबर किती क्षेत्राचा होता आणि योजनेत त्याला कोणता गट मिळाला, हे त्यात एका ओळीत दिसतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात नकलेचा अर्ज द्या. जुने लोक या ऑफिसाला अजून टीआयएलआर म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच नाव पटकन कळतं. अर्जात गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर हिश्श्यासकट आणि त्या वेळच्या खातेदाराचं नाव लिहा. आता ज्यांचं नाव आहे ते नको, योजनेच्या वेळी ज्यांचं होतं ते आजोबा-पणजोबांचं.

नक्कल हातात आली की दोन गोष्टी बघा. एक, तुमचा अख्खा सर्व्हे नंबर एकाच गटात गेलाय की तुकड्यातुकड्याने दोन-तीन गटांत. ‘११२ पै.’ असं दिसलं तर उरलेला भाग दुसऱ्या कुठल्या गटात आहे ते शोधा. दोन, तुमच्या गटात आणखी कोणता सर्व्हे नंबर मिसळलाय का. गट ३४७ मध्ये सर्व्हे ११२ बरोबर सर्व्हे ११५ चा एक पट्टा आला असेल तर जुन्या खरेदीखताचं क्षेत्र आणि आजचं क्षेत्र जुळणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

कित्येक गावांत कागदावर अदलाबदल झाली, पण लोक आपापलं जुनं रान कसत राहिले. ताबा जुन्या जागी, नाव नव्या जागी. तुमच्याकडे तसं निघालं तर समोरच्याशी भांडण उकरण्याआधी सलोखा योजनेची चौकशी करा. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या या योजनेत, किमान बारा वर्षांचा परस्परांचा ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार एवढंच घेतात. योजनेला मुदत असते, म्हणून ती चालू आहे का ते तलाठ्यांकडे विचारून घ्या. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.

क्षेत्र आणि आकार जुळवून बघा

नंबर जुळला म्हणजे झालं असं समजू नका. दुसरा साक्षीदार लागतो, तो क्षेत्राचा.

जुन्या कागदावर एकर-गुंठे, नव्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर. एका एकरात ४० गुंठे, एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. मामाच्या कागदावरचे २ एकर १० गुंठे म्हणजे ९० गुंठे. नव्वदला १०१.१७ ने गुणलं की ९,१०५ चौरस मीटर येतात. उताऱ्यावर हे ०.९१.०५ असं दिसेल, म्हणजे शून्य हेक्टर, ९१ आर, ५ चौरस मीटर. घाईचा हिशेब असा की एक गुंठा जवळपास एका आरएवढाच असतो. ९० गुंठ्यांसमोर ९१ आर दिसले की ठीक, १ हेक्टर ४० आर दिसले की थांबा आणि कारण शोधा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो, तो मिळवून एकूण क्षेत्र बघा.

तिसरा साक्षीदार आकार, म्हणजे जमिनीचा सारा. तो लोक बघतच नाहीत, पण मला तो फार कामाला आलाय. जुन्या उताऱ्यावर ‘३ रुपये ८ आणे’ असेल तर नव्यावर ३.५० दिसायला हवेत, कारण रुपयाचे सोळा आणे. नंबर बदलतात, नावं बदलतात, पण आकार सहसा तोच राहतो. दोन वेगळ्या जमिनींचं क्षेत्र योगायोगाने सारखं असू शकतं. क्षेत्र आणि आकार दोन्ही जुळले तर मन बऱ्यापैकी निश्चिंत होतं.

वर्तुळातले आकडे: फेरफार

हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाच्या शेजारी वर्तुळात आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर, म्हणजे ते नाव कोणत्या नोंदीने लागलं त्याचा. नावाला कंस केलेला असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. वर्तुळातला ११२ बघून ‘ही आमचीच जमीन’ असं म्हणणारे असतात, पण त्याचा जमिनीच्या नंबराशी काही संबंध नाही. संगणकीकृत उताऱ्यावर ‘जुने फेरफार क्र.’ अशी ओळ असते आणि तिथे आकड्यांची रांग असते. ती पूर्ण उतरवून घ्या.

मग एकेक फेरफार काढा, आजच्यापासून मागे मागे. प्रत्येक फेरफारात जमिनीचा नंबर काय लिहिलाय ते बघा. ज्या फेरफारापर्यंत ‘गट ३४७’ आहे आणि ज्याच्या आधी ‘सर्व्हे ११२’ आहे, त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी एकत्रीकरणाचा फेरफार असतो. तो सापडला की साखळी जोडली गेली. जुन्या फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती आपले अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांच्या मिळतात. नाही मिळाल्या तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करा.

खाते क्रमांकही असाच स्वतंत्र. आठ-अच्या उताऱ्यावरचा खाते ११२ म्हणजे त्या गावातल्या एका खातेदाराचं किंवा सामाईक खातं, आणि त्याखाली त्यांचे सगळे गट. एकाच माणसाची गावात दोन खाती असू शकतात, एक स्वतःचं, एक भावांबरोबरचं.

नमुन्यांचे नंबर: आठ, नऊ, बारा

जमिनीच्या नंबरांचं होतं तेच कागदांच्या नंबरांचं होतं, आणि यात माणूस हेलपाट्यांनी थकतो.

बँकेने ‘नमुना आठ आणा’ म्हटलं. शेतीसाठी असेल तर त्यांना आठ-अ हवाय, तलाठ्याकडचा. घरासाठी असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ हवाय, ती कर आकारणीची नोंदवही. दोन ऑफिसं, दोन वेगळे कागद. नऊ तर चार प्रकारचे आहेत. फेरफाराची नोंद धरल्यावर हितसंबंधितांना जी नोटीस येते आणि जिच्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात, ती नमुना नऊची नोटीस. तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना नऊ म्हणजे पावत्या. ग्रामपंचायतीचा नमुना नऊ ही कर मागणीची नोंदवही. आणि एकत्रीकरणाचं नऊ-तीन नऊ-चार वर सांगितलंच. बारामध्येही सातबाऱ्यातला बारा पिकांचा, पण भूमी अभिलेखमध्ये कुणी ‘फाळणीबारा’ म्हणालं तर तो हिस्सेमोजणीचा कागद, त्याचा पिकांशी संबंध नाही.

म्हणून कुठल्याही खिडकीवर कुणी नमुन्याचा नंबर सांगितला की लगेच विचारा, ‘कोणत्या ऑफिसाचा?’ आणि उत्तर त्यांच्यासमोरच लिहून घ्या.

दस्ताचा नंबर

खरेदीखताचा दस्त क्रमांक दर वर्षी, प्रत्येक सब-रजिस्ट्रार ऑफिसात नव्याने सुरू होतो. त्यामुळे ‘दस्त ४५१२’ याला एकट्याला अर्थ नाही. ‘हवेली ३, दस्त ४५१२, सन २०१५’ असं तिन्ही मिळून एक नाव बनतं. पुण्यात हवेलीची कितीतरी ऑफिसं आहेत आणि त्याच वर्षी दुसऱ्या हवेलीत दुसऱ्याच कुणाचा ४५१२ असतो. सर्च घेताना इंडेक्स दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढला की आधी ऑफिस आणि साल बघा, मग मिळकतीच्या वर्णनात गट आहे, सर्व्हे आहे की प्लॉट, ते बघा.

शहरात

पुण्यासारख्या शहरात एका इमारतीला सर्व्हे नंबर, सी.टी.एस. नंबर आणि फायनल प्लॉट नंबर असे तिन्ही असू शकतात. फायनल प्लॉट म्हणजे नगर रचना योजनेत दिलेला अंतिम भूखंड. वर पालिकेचा घर नंबर असतोच. सोसायटीच्या पाटीवर कोणता लिहिलाय हे पाटी रंगवणाऱ्यावर अवलंबून. सी.टी.एस. नंबर पेठेचं किंवा गावाचं नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

मुंबईत एका अक्षराने फरक पडतो. शहर भागात सी.एस. नंबर असतो आणि त्याबरोबर डिव्हिजनचं नाव. उपनगरात सी.टी.एस. नंबर असतो आणि त्याबरोबर गावाचं नाव, कारण अंधेरी-मालाडकडे कागदावर आजही मौजे आहेत. मधला ‘टी’ गाळला तर शोध भलत्याच ऑफिसात जातो.

गोव्यात ज्यांची वडिलोपार्जित मिळकत आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की गावाकडे सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन असतं आणि फॉर्म एक-चौदा, म्हणजे तिथला सातबाऱ्यासारखा उतारा, काढावा लागतो. शहरात चलता नंबर, म्हणजे तिथल्या नगर मोजणीचा नंबर असतो. पी.टी. शीट, म्हणजे त्या मोजणीच्या नकाशाचं पान, त्याच्या नंबराशिवाय चलता नंबर लिहू नका, तो सांगूनही कुणाला काही सापडणार नाही.

गावठाणातल्या घरांना आता नवा नंबर मिळतोय. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होतात. ज्या गावात आजवर गट नंबर आणि ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर एवढेच होते तिथे आता नगर भूमापन क्रमांकाची तिसरी मालिका आली. पत्रिका हातात आली की तिच्यावरचा नंबर आणि घरपट्टीच्या पावतीवरचा नंबर एकाच कागदावर समोरासमोर लिहून ठेवा. आज दहा मिनिटांचं काम आहे. तुमची मुलं ते वीस वर्षांनी शोधायला लागली तर महिने जातील.

बांधावर उभे राहा

कागद जुळले की प्रत्यक्ष जागेवर जा. महाभूनकाशावर गटाचा नकाशा दिसतो, तो मोबाईलवर घेऊन जा, पण खरी कसोटी चतुःसीमेची. जुन्या खरेदीखतात पूर्वेस कोण, दक्षिणेस काय, पश्चिमेस, उत्तरेस, असं लिहिलेलं असतं. माणसं गेलेली असतात, पण ओढा, शिव, देवीचं देऊळ, जुनी गाडीवाट जाग्यावर असते. मामाच्या कागदात ‘पश्चिमेस ओढा’ होतं. आम्ही बांधावर उभे राहिलो तेव्हा ओढा खरंच पश्चिमेला होता. गट ११२ ला मात्र ओढा पूर्वेला लागतो. तो कागद पहिल्या दिवशी नीट वाचला असता तर दोन रात्रींची झोप गेली नसती. शेजारच्या गटांचे उतारेही काढा आणि त्यांची नावं चतुःसीमेतल्या आडनावांशी ताडून बघा. तरीही शंका उरली तर भूमी अभिलेखची मोजणी मागवा.

नंबर खरंच चुकलेला निघाला तर

चूक कुठे आहे त्यावर दार ठरतं. दस्तातच नंबर चुकला असेल तर दोन्ही बाजूंनी चूक दुरुस्ती लेख करून नोंदवावा लागतो. विकणारा हयात नसेल तर त्याच्या वारसांच्या सह्या लागतात, आणि ते तयार नसतील तर दिवाणी न्यायालय. दस्त बरोबर आहे पण उताऱ्यावर उतरवताना चूक झाली असेल, उदाहरणार्थ संगणकीकरणात ११२/१ चं ११/२१ झालं, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. मूळ एकत्रीकरण योजनेतच चूक असेल तर तहसीलदार काही करू शकत नाहीत, त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे जावं लागतं. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो महिनोन्‌महिने पडून राहतो आणि शेवटी ‘आमच्या अधिकारात नाही’ असं उत्तर येतं. तिसऱ्या कुणाचा हक्क गुंतला असेल तर मात्र स्वतः अर्ज लिहीत बसू नका, जमिनीची कामं करणारे वकील गाठा.

पुढच्या दस्तात कसं लिहायचं

नवं खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र काहीही करताना मिळकतीचं वर्णन असं लिहून घ्या: ‘मौजे अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक येथील गट नंबर ३४७, अक्षरी तीनशे सत्तेचाळीस, जुना सर्व्हे नंबर ११२, क्षेत्र ०.९१.०५ हेक्टर आर, आकार इतका, खाते क्रमांक इतका’, आणि खाली चतुःसीमा. आता सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर अकरा अंकी भू-क्रमांक छापून येतो. तोही वर्णनात घाला. तो दुसऱ्या कुठल्याही जमिनीला दिलेला नसतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, दस्ताला तोच जोडा. फुकटातली माहितीसाठीची प्रत घरच्या वापराला ठेवा.

मामाच्या खरेदीखतावर आम्ही काही लिहिलं नाही, मूळ कागदावर पेन लावू नये. त्याच पिशवीत वर एक जाड पुठ्ठा ठेवलाय. त्यावर मामेभावाने मोठ्या अक्षरात लिहिलंय: सर्व्हे ११२ = गट ३४७. गट ११२ आपला नाही. नऊ-तीन नऊ-चारची नक्कल पाठीमागे.